मोरीमागची डोणी

मित्रांनो, नाक मुरडू नका. मी एक जुनी दगडी डोणी आहे. धरणगावच्या बाजूला, कापसाच्या रानातल्या एका लहान गावात, धुरपदाबाईच्या घरामागे, मोरीच्या तोंडाशी मी बसलेली आहे.

तुमच्यापैकी कित्येकांनी डोणी पाहिलीही नसेल. डोणी म्हणजे अखंड दगड पोखरून केलेले लांबट भांडे. पूर्वी त्यात गुरे पाणी पीत. माझ्या कडांवर शेवाळ आहे. माझ्या तळाशी गाळ आहे. घरातल्या माणसांच्या आंघोळीचे, भांडी घासल्याचे, तांदूळ धुतल्याचे पाणी मोरीतून माझ्या पोटात येते. एक बेडूक माझ्याकडे कायमचा मुक्कामाला आहे. एवढे ऐकूनच तुम्हाला शिसारी आली असेल. येऊ द्या. शिसारी मलाही येते, पण ती दुसऱ्याच गोष्टींची.

परवाचीच गोष्ट. कुंपणापलीकडच्या बोळातून एक तरणाताठा पोरगा चालला होता. तोंडात गुटखा. त्याने मान वाकडी करून माझ्यात पिंक टाकली आणि रिकामी पुडीही फेकली. पिंक पाण्यात विरली. पुडी मात्र तशीच चकचकत तरंगत राहिली. तिला बुडता येत नाही, कुजता येत नाही, कुणाच्या उपयोगी पडता येत नाही. जे कुजते त्याची मला कधी घाण वाटली नाही. कुजलेले सगळे एक दिवस माती होते आणि मातीतून पुन्हा काहीतरी उगवते. जे कुजतच नाही, त्याचे काय करायचे?

पण मी सुरुवातीपासून सांगते. रागावलेल्या म्हाताऱ्यांचे असेच होते, शेवट आधी सांगून बसतात.

गावाच्या उत्तरेला काळ्या दगडाची एक टेकडी आहे. तिथे मी जन्मले. एका पाथरवटाने छिन्नी-हातोड्याने मला आतून पोखरले. तळाशी, एका टोकाला, त्याने बोट जाईल एवढे भोक ठेवले. तिथून धुरपदाबाईच्या नवऱ्याच्या, निंबाभाऊंच्या, आजोबांनी मला आपल्या मळ्यातल्या विहिरीवर आणून बसवले. मोट ओढून दमलेले बैल माझ्यात तोंड घालत. त्यांच्या तोंडाला फेस असे, नाकातून पाणी गळत असे. त्यांच्या खरखरीत जिभा माझ्या कडांना लागत. मला त्याची कधी किळस वाटली नाही. घामाचा फेस होता तो.

पुढे विहिरीवर विजेची मोटार आली. मोट गेली, बैल कमी झाले आणि मी कोरडी पडले. उन्हाने माझा तळ तडतडू लागला. शेळ्या माझ्यात लेंड्या टाकत. माणसे माझ्या कडेवर बसून विड्या ओढत आणि थोटके माझ्यातच विझवत. दगडाला कुठे मन असते, असे तुम्ही म्हणाल. नसेल. पण रिकामे भांडे होऊन बसणे दगडालाही जड जाते.

अशात एका वर्षी कापूस फार चांगला झाला. निंबाभाऊ खुशीत होते. विहिरीच्या बांधावर बसून त्यांनी बायकोला विचारले, "सांग, यंदा काय लेवानं तुले? धरणगावना सोनारकडे जाऊत का?"

धुरपदाबाईने माझ्याकडे बोट दाखवले. "ही डोणी घरी लई चाला."

"हाऊ धोंडा?" निंबाभाऊ हसत सुटले.

"हाऊच धोंडा. आपला घरनं मोरीनं पानी बोळमा वाही जास, नी आपुन बाजारतून भाजी ईकत लयतस. ते पानी मी डोणीमा धरसू. परसमा भाजी पिकाडसू."

चार गडी लावून मला बैलगाडीत चढवले. घरामागे उतरवले तेव्हा शेजारची शेवंताबाई कुंपणावरून बघत होती. तिची जीभ कायम तासलेली. ती म्हणाली, "लोकेसन्या बाया डोरलं मांगतस, नी इनी धोंडा मांगा! निंबाभाऊ, सस्तामा सुटनात तुम्ही!"

 धुरपदाबाईने मला मोरीच्या तोंडाशी थोडे कलते बसवले आणि तळाच्या भोकात चिंध्यांचा बोळा घातला.

मित्रांनो, तिचे तंत्र साधे होते. दिवसभराचे पाणी माझ्यात साठायचे. भांडी ती राखेने घासायची, त्यामुळे पाण्यात राखच असे. रात्रभर पाणी निवायचे, गाळ खाली बसायचा. पहाटे ती बोळा काढायची आणि पाणी पाटाने वाफ्यांकडे धावायचे. कोथिंबिरीवर आणि कांद्याच्या पातीवर ती लोट्याने पाणी शिंपडायची. आठवड्याने माझ्या तळाचा गाळ खरवडायची आणि वांग्यांच्या बुडाशी घालायची. घाण अशी काही उरतच नसे. प्रत्येक गोष्टीला जायला जागा होती.

एकदोन वर्षांत परस असे भरले की घराची मागची भिंत दिसेना. छपरावर गिलक्यांचा, म्हणजे घोसाळ्यांचा वेल, कुंपणावर वाल, कोपऱ्यात शेवगा, मोरीच्या ओलीवर केळीचे बेट. मिरची, पोकळा, अंबाडी, मेथी. आणि मधोमध भरताची हिरवी, लांबट, तुकतुकीत वांगी. धान्य नि डाळी शेतातल्या, भाजी परसातली. मीठ, गूळ आणि रॉकेल एवढ्यासाठीच त्या घराची पिशवी बाजाराला जाऊ लागली.

वांग्याचे एक झाड धुरपदाबाई दरवर्षी राखून ठेवी. त्याची वांगी तोडायची नाहीत. ती पिवळी पडून सुरकुतली की त्यांचे बी काढायचे, राखेत घोळवायचे आणि फडक्यात बांधून आढ्याला टांगायचे. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला गावच्या लेकी माहेरी येत. धुरपदाबाई एकेकीच्या हातावर बियांची चिमूट ठेवी. कुंपणापलीकडे शेवंताबाईलाही देई. शेवंताबाई बी घेई आणि टोमणाही मारी, "मोरीनं पानीना वांगा! जपी खावा, बाया!"

पण एका वर्षी पाऊस रुसला. बाजारात भाजीच येईना. त्या वर्षीही घरातली माणसे आंघोळ करतच होती, भांडी घासली जातच होती आणि माझ्यात पाणी येतच होते. गल्लीतल्या कितीतरी चुलींवर आमच्या परसातली गिलकी शिजली. तेव्हा शेवंताबाईनेच माझ्या कडेवर हळदकुंकू वाहिले. दगडाला कौतुक कळत नाही असे कुणी म्हणाले तर विश्वास ठेवू नका. ते हळदकुंकू मी कितीतरी दिवस कडेवर जपले होते.

मग दिवस फिरले. निंबाभाऊ गेले. शेत त्यांच्या मुलाच्या, पितांबरच्या हाती आले. पितांबर कष्टाळू होता, पण त्याच्या डोक्यात कापसावाचून काही नसे. कापूसही आता पूर्वीचा राहिला नव्हता. अळी पडे, फवारा मारावा लागे. पुन्हा अळी, पुन्हा फवारा. पाठीवरचा पंप घेऊन तो संध्याकाळी घरी येई तेव्हा त्याच्याआधी त्याचा वास येई. गोडसर, डोक्यात चढणारा, घशाला चिकटणारा वास. मी बैलांचा फेस पाहिला आहे, शेळ्यांच्या लेंड्या पाहिल्या आहेत. पण त्या वासाने माझ्यातले पाणीही आक्रसून जाई. त्याला सगळे औषध म्हणत. धुरपदाबाईने त्याला बजावून ठेवले होते, "तुनं औषध वावरमा. मन्हा परसमा त्यानं थेंब नको."

पितांबरचे लग्न झाले आणि धुळ्याहून मंदाबाई सून म्हणून आली. शहरात वाढलेली, नीटनेटकी, बोलायला स्पष्ट. पहिल्याच सकाळी तिने मोरीत आंघोळ केली, मागे डोकावली आणि मला पाहिले. शेवाळ पाहिले, बेडूक पाहिला. पाटाने वाहत वांग्यांकडे निघालेले आपल्याच आंघोळीचे पाणी पाहिले. तिने पदर नाकाला लावला.

"आई, या पाण्यावर भाजी पिकते?"

"हा."

"आणि ती आपण खातो?"

"कितला वरीस व्हयनात."

"शी! मला नाही जमायचं. मला ओक येईल."

धुरपदाबाई रागावली नाही. म्हणाली, "पोरी, तुमना धुळाना बाजारनी भाजी कसावर पिकस? गटारवरच ना? आपलं पानी आपला घरनं शे. झाडना पोटमा गये म्हंजे त्यानं दूध व्हस."

मंदाबाईला ते पटले नाही. तिच्यासाठी पितांबर बाजारातून भाजी आणू लागला. पांढराशुभ्र फुलकोबी, काचेसारखी चमकणारी जांभळी वांगी. ती भाजी मोरीत धुतली की ते पाणी माझ्याकडे येई. मित्रांनो, त्या पाण्याला तोच वास होता, पितांबरच्या पंपाचा. इतकी देखणी भाजी आणि तिच्या अंगाला असला वास! त्या कोबीत अळी नसे. मंदाबाई म्हणे, "बघा, किती स्वच्छ." मला वाटे, जे अळीलाही खाववत नाही, ते ही पोर कौतुकाने खाते. पण मला तोंड कुठे होते?

हळूहळू राख गेली आणि कपड्यांची, भांड्यांची पावडर आली. माझ्या तोंडावर निळसर फेस साचू लागला. प्लास्टिकच्या पिशव्या येऊन माझ्या भोकात अडकू लागल्या. धुरपदाबाई काडीने त्या काढी आणि चिमटीत लांब धरून नेई, मेलेला उंदीर न्यावा तशी.

दोन वर्षे अशी गेली. मग मंदाबाईला दिवस गेले आणि सगळे उलटे झाले. तिला चहाचा वास सहन होईना, फोडणीचा होईना, बाजारच्या कोबीचा तर मुळीच होईना. जे पोटात जाई ते बाहेर येई. ती वाळून काडी झाली. आणि एके दिवशी परसाच्या उंबऱ्यावर बसल्या बसल्या तिची नजर हिरव्या वांग्यांवर खिळली. कितीतरी वेळ ती बघत राहिली. शेवटी लाजत म्हणाली, "आई, मला या वांग्यांचं भरीत खावंसं वाटतंय."

धुरपदाबाईच्या डोळ्यांत पाणी आले. पण घराण्याचा नेम आड आला. चातुर्मासात सोडलेले वांगे त्या घरात चंपाषष्ठीला खंडोबाला नैवेद्य दाखवूनच तोंडात घालत. तो दिवस जवळच आला होता. "थोडीशी दम खाय, माय," ती म्हणाली. "देवले दावसूत नी पयला घास तुलेच." तिने सगळ्या गल्लीला भरताचे आमंत्रण देऊन टाकले. आपल्या परसातले अन्न सून मागून खाणार, यापेक्षा मोठा मान तिला दुसरा नव्हता. त्या एका घासासाठी ती कितीतरी दिवस वाट पाहत होती. मीही पाहत होते.

चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी धुरपदाबाईने वांगी तोडली, टोपलीत भरली आणि घरात नेऊन ठेवली. मग तूप आणायला म्हणून ती पलीकडच्या आळीत गेली.

मावळतीला पितांबर शेतातून आला. पाठीवर पंप. शेतात वीज नव्हती, मोटार बंद, म्हणून त्याने पंप धुवायला घरी आणला होता. पंपात थोडे औषध शिल्लक होते. तो माझ्याशेजारी उभा राहिला आणि पंप हलवून बघू लागला. कपाशीच्या शेतकऱ्याला उरलेले औषध फेकवत नाही, उरलेली भाकरी फेकवत नाही तसे. त्याने वांग्यांकडे पाहिले. अळीमुळे दोनतीन शेंड्यांनी मान टाकली होती. मग त्याने इकडेतिकडे बघितले आणि पंप माझ्यात उपडा केला. पाणी घेऊन तो माझ्यातच विसळलाही. पहाटे आई बोळा काढेल, पाणी आपोआप वांग्यांना जाईल आणि अळी मरेल; उद्याच्या भरताची वांगी तर तोडून झालीच आहेत, असा त्याचा हिशेब.

माझे पाणी दुधासारखे झाले. ते दूध पाहून मला जी किळस आली ती मी आजवर विसरलेले नाही. तो वास माझ्या दगडाच्या कणाकणात शिरला. मला ओरडता आले असते तर सारे गाव जागे केले असते. बेडूक गाळात तळाशी गेला, तो वर आलाच नाही.

सकाळ झाली. धुरपदाबाई उठली ती शिंका देत. थंडीचे दिवस, तिला पडसे झाले होते आणि नाक गच्च चोंदले होते. अंधुक उजेडात, सणाच्या घाईत, तिने नेहमीप्रमाणे बोळा काढला. लोट्याने कोथिंबिरीवर पाणी शिंपडले, पातीवर शिंपडले. पाट भरला तसा बोळा घालून ती चुलीकडे गेली.

थोड्या वेळाने मंदाबाई उंबऱ्याशी आली आणि तिथेच थबकली. "आई, डोणीला कसला वास येतोय?"

"डोणीले वास येसच ना. दोन वरीसपाईन तू तेच सांगस."

"नाही हो, आजचा वेगळा आहे. औषधासारखा."

गल्लीतल्या बायका मदतीला आल्या होत्या. शेवंताबाई मिरच्या निवडत होती. ती म्हणाली, "तुले ते काल चहाना बी वास उना, परवदिन मन्हा लुगडाना बी उना!" सगळ्या हसल्या. मंदाबाईही ओशाळून हसली.

पऱ्हाटीच्या, वाळल्या कपाशीच्या काड्यांचा जाळ पेटला. वांगी खरपूस भाजली, सोलली, लाकडी बडग्याने बडगली. तिखट हिरव्या मिरच्या, लसूण आणि शेंगदाणे पडले. मग धुरपदाबाईने वाफ्यातली पात आणि कोथिंबीर आणली, माठातल्या पाण्याने धुतली आणि चिरून वर पेरली. मंदाबाईने परातीवर वाकून वास घेतला आणि तोंड फिरवले. "आई, या कोथिंबिरीलाही आहे तो वास. खरंच आहे."

"बस व, माय," धुरपदाबाई शिंकत म्हणाली. "पोटले पडना म्हंजे बठ्ठा वास जाई."

तळी उचलली. येळकोट झाला. खंडोबाच्या नैवेद्यातला पहिला वाटा कुत्र्याला द्यायचा असतो, कारण कुत्रा हे खंडोबाचे जनावर. गल्लीत तांबड्या नावाचा कुत्रा होता, सगळ्यांचा आणि कुणाचाच नाही असा. धुरपदाबाईने पानावर भाकरी आणि भरीत वाढून त्याच्यापुढे ठेवले. त्याने ते मिटक्या मारत संपवले. भरीत झणझणीत होते. त्याचे तोंड पोळले आणि तो धावत माझ्याकडे आला.

तो रोज माझ्यातच पाणी पीत असे. त्याची जीभ मला ओळखीची होती. पहाटे उरलेले पाणी माझ्या तळाशी होते. तो पीत राहिला. मी काय करू शकत होते? दगडाला जागचे हलता येत नाही.

परसात पत्रावळी मांडल्या होत्या. पहिला घास मंदाबाईने घ्यायचा म्हणून सारे थांबले होते. तिने घास उचलला, हात तोंडाजवळ नेला आणि तो तसाच थांबला. पुन्हा तोच वास. त्याच वेळी तांबड्या माझ्यापासून दोन पावले गेला. त्याचे मागचे पाय लुळे पडले. तोंडातून फेस आला. बैलांचा फेस मी ओळखते. हा तसा नव्हता.

"कुणी खाऊ नका!" मंदाबाई किंचाळली. "कुणी घास घेऊ नका!"

धुरपदाबाईने धावत जाऊन दिसेल त्याच्या पुढची पत्रावळ उधळली. शेवंताबाईच्या हातातला घास तिने चापट मारून खाली पाडला. लोक उठले, ओरडले. तांबड्याचे पाय झटकत झटकत शांत झाले.

पितांबर पांढराफटक पडला होता. पण मित्रांनो, त्या क्षणी तो काय म्हणाला ऐका. तो म्हणाला, "ते पानी सडेल व्हतं. कवयपाईन सांगस, फेका ती डोणी!"

"मी ते म्हनतच व्हती," शेवंताबाई म्हणाली. जिने मला हळदकुंकू वाहिले होते तीच. "मोरीनं पानी! कव्हय ना कव्हय घात करतंच!"

दोघे जण पहार घेऊन मला उलथायला पुढे आले. आयुष्यभर या घराचे सांडपाणी मी पोटात घेतले. आता त्याच पोटावर खुनाचा आळ आला होता. ज्याने विष ओतले तो कोरड्या हाताने उभा होता. मला त्या विषाइतकीच त्या खोट्याची किळस आली.

"थांबा," मंदाबाई म्हणाली. ती आत गेली आणि दांडीवरचा पितांबरचा कालचा सदरा घेऊन आली. तोंडावर पदर होता, डोळ्यांतून पाणी वाहत होते. तिने सदरा शेवंताबाईच्या हातात दिला. "मावशी, हा हुंगा. आणि मग डोणी हुंगा."

शेवंताबाईने सदरा हुंगला. माझ्यावर वाकून हुंगले. तिचे तोंड उघडे राहिले. "एकच वास शे, व माय."

 पितांबरने मान खाली घातली. "औषध उरेल व्हतं," तो पुटपुटला. "फेकाले जीव नही व्हयना. म्हनं, वांगावरनी अळी मरी जाई."

धुरपदाबाई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिने हात उगारला नाही. "अळी कितलं खास रे? तिना वाटानं खास. आपला वाटानं आपले उरस." मग तिचा आवाज फाटला. "नी आज तू तुना पोटना पोरना वाटा मांडा व्हता पत्रावळवर."



त्या दुपारी धुरपदाबाईने पदर खोचला आणि परस उपटायला घेतले. जे जे त्या पाण्यावर उभे होते ते सगळे. कोथिंबीर, पात, मेथी, मिरची, हिरवीगार वांगी. बियाण्यासाठी राखलेल्या झाडापाशी ती थांबली. त्याची वांगी पिवळी पडू लागली होती. त्याचेही मूळ ते पाणी प्यायले होते. तिने डोळे मिटले आणि तेही उपटले. आढ्याला टांगलेले बी तर पावसाळ्यातच पेरून झाले होते. वर्षानुवर्षांचे वाण एका हिसक्यात संपले.

मग प्रश्न आला माझ्यातल्या पाण्याचा. ते टाकायचे कुठे? बोळात सोडले तर गुरे पितील. नाल्यात सोडले तर नाला कुणाच्या तरी विहिरीकडे जाईल. मित्रांनो, इतक्या वर्षांत माझ्यातल्या पाण्याला जागा नाही असे कधी झाले नव्हते. आंघोळीच्या पाण्याला जागा होती, खरकट्या पाण्याला जागा होती, गाळालाही होती. या पाण्याला अख्ख्या गावात जागा नव्हती. घाण कशाला म्हणावे, हे मला त्या दिवशी कळले. जिला पृथ्वीवर ठेवायला जागा सापडत नाही, ती घाण.

शेवटी पितांबरने गावाबाहेरच्या बरड माळावर, विहिरीपासून दूर, खोल खड्डा खणला. माझ्यातले पाणी डब्यांनी नेऊन त्यात ओतले. गाळ खरवडताना तळाशी बेडूक सापडला, उताणा. तोही त्याच खड्ड्यात गेला, तांबड्याही गेला, उपटलेले परसही गेले.

धुरपदाबाईने मला राखेने घासले, मातीने घासले, पुन्हा राखेने घासले. पण माझ्यात पाणी मात्र भरू दिले नाही. मोरीचे तोंड तिने बोळाकडे वळवले. "बेडूक उना म्हंजे समजसू," ती म्हणाली. "त्याले कळस. तवलग नही."

उन्हाळा आला. परस उघडेबोडके पडले. धुरपदाबाई पिशवी घेऊन बाजाराला जाऊ लागली आणि चमकणारी वांगी उलटीपालटी करून तशीच खाली ठेवू लागली. मी कोरडी, तिची पिशवी रिकामी. आखाजीला लेकी आल्या, अंगणात झोके बांधले गेले. तिच्याकडे मात्र कुणाच्या हातावर ठेवायला चिमूटभर बी नव्हते.

त्या संध्याकाळी शेवंताबाई कुंपणापाशी आली. या वेळी तिच्या तोंडात टोमणा नव्हता. तिने एक मळकी पुरचुंडी पुढे केली. "वांगाना बिया शेत. तूच दियेल. मी दरसाल लावस, तुले सांगं नही एवढंच." मग न राहवून म्हणाली, "मोरीनाच पानीवर, बरं का."

धुरपदाबाई हसली. कितीतरी महिन्यांनी हसली.

मंदाबाईला मुलगी झाली. बिया रुजल्या, रोपे झाली. पावसाचे पाणी माझ्यात साठे आणि पितांबर ते उपसून खड्ड्यावर नेऊन टाकी, पुन्हा साठे, पुन्हा टाकी. हे काम त्याने कुणी न सांगता अंगावर घेतले होते. पंप त्याने शेतातल्या खोपीत ठेवला, पुन्हा कधी घराकडे आणला नाही.

श्रावणातल्या एका सकाळी मंदाबाई लेकीला छातीशी धरून परसात आली. माझ्यावर वाकली आणि मोठ्याने ओरडली, "आई! आई, लवकर या! बेडूक आला! डोणीत बेडूक आला!" घरी पाहुणा यावा तसा तिचा आवाज होता. धुरपदाबाई हातातले रोप घेऊन तशीच धावली. सासू-सून दोघी माझ्या कडेवर हात टेकून त्या हिरव्या, फुगलेल्या, डोळे वटारलेल्या जिवाकडे बघत राहिल्या.

धुरपदाबाईने मोरीचे तोंड पुन्हा माझ्याकडे वळवले. आणि त्याच दिवशी, मित्रांनो, मंदाबाईने लेकीला मोरीत न्हाऊ घातले. डाळीच्या पिठाचे, कोमट, दुधट पाणी वाहत माझ्या पोटात आले. पहाटे बोळा काढायला मंदाबाईच आली. ज्या पाण्याची तिला ओक येत होती, तेच आता तिच्या लेकराच्या अंगावरून येऊन वांग्यांकडे निघाले होते. तिने पाटाला बोटाने वाट करून दिली.

पुढच्या चंपाषष्ठीला भरताचा पहिला घास तिनेच खाल्ला.

आता मी पुन्हा माझ्या कामाला आहे. परवाची ती गुटख्याची पुडी मंदाबाईनेच काढली. चिमटीत धरून ती बोळाच्या तोंडापर्यंत त्या पोराच्या मागे गेली आणि म्हणाली, "ए भाऊ, हे तुझं राहिलं. आमच्याकडे याला जागा नाही." तो खाली मान घालून ती घेऊन गेला.

तेव्हा मित्रांनो, नाक आहे ते मुरडण्यासाठीच आहे. जरूर मुरडा. पण शेवाळाला, गाळाला, बेडकाला बघून मुरडू नका. तुमच्या घरामागे हात दोन हात जागा असेल तर तिथे काहीतरी लावा आणि तुमच्या मोरीचे पाणी तिच्याकडे वळवा. त्या पाण्यात असे काही टाकू नका, ज्याने बेडूक घर सोडून जाईल. आणि एखादी डोणी कुठे कोरडी पडलेली दिसली, तर तिच्यात थुंकण्यापूर्वी एकदा वाकून बघा. तिच्या तळाशी तुमच्या जेवणाचा पहिला घास असू शकतो.